एकदाच गाळलेले दोन शब्द

दादा, तू गेल्याची बातमी छापून आली आणि तीत तीन चुका निघाल्या. तुझ्याच छापखान्यात जुळवलेली बातमी. मुद्रितं तपासणारा माणूसच जागेवर नाही म्हटल्यावर दुसरं काय होणार! तुझं नाव ‘मधूकर’ छापलंय. वय चार वर्षांनी वाढवलंय. आणि शेवटी लिहिलंय, ‘पार्टी के आजीवन निष्ठावान सिपाही’. पहिल्या दोन चुका मी तुझ्याच लाल पेन्सिलीनं दुरुस्त केल्या. तिसरी तशीच ठेवली. तिला समासात कोणती खूण करतात ते तू मला कधी शिकवलं नाहीस.

मग ती बातमी मोठ्यानं वाचून पाहिली. घरात ऐकायला कोणी नव्हतं तरी वाचली, आणि सुरुवातीलाच तोंडातून निघून गेलं, “वर्तमानपत्र म्हणतं की…” तिथंच थांबले. तुझी खोड मला कधी लागली कोण जाणे. तिच्यावरून तर आपण जन्मभर भांडलो.

ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातल्या आपल्या ओट्यावर संध्याकाळी पेपर वाचून दाखवायचा तुझा नेम मी परकर नेसत होते तेव्हापासूनचा. टोपी बाजारातल्या छापखान्यातून परत येताना तू एक इंग्रजी, एक हिंदी आणि दोन दिवस शिळा झालेला मराठी, असे तीन पेपर काखोटीला मारून आणायचास. चहा होईपर्यंत ओट्यावर माणसं जमलेली असायची. रहीम टांगेवाला, समोरचा शिंपी, दप्तरातून पेन्शनीत निघालेले आपले दोघे-तिघे काका. इंग्रजीतलं तू हिंदीत सांगायचास, आणि एखादी मराठी म्हातारी येऊन टेकली की तेच पुन्हा मराठीत. पण राज्य करणाऱ्यांकडून आलेली बातमी असली की वाक्याच्या आधी न चुकता जोडायचास, ‘दरबार म्हणतो’. दरबार म्हणतो, यंदा धान्याची टंचाई नाही. दरबार म्हणतो, प्रजा समाधानी आहे. आवाजात चेष्टा अजिबात नसायची, आणि म्हणूनच माणसं पोट धरून हसायची.

आत अण्णांचा जीव टांगणीला लागलेला असे. तीन पिढ्या दरबारच्या दप्तरात लेखण्या घासलेलं घर आपलं. ते दाराआडून कुजबुजत, “मधू, तेवढं ‘म्हणतो’ काढ रे. माझी नोकरी घालवशील.” तू म्हणायचास, “अण्णा, मी पदरचा एक शब्द घालत नाही. कोण बोललं एवढंच सांगतो. ऐकणाऱ्याला तेवढं कळलं पाहिजे.” एवढंच सांगण्यासाठी पुढे तू काही महिने तुरुंगात जाऊन आलास. परत आलास तेव्हा डोक्यात उवा होत्या, आणि आई तुझे केस कापता कापता तुलाही शिव्या देत होती आणि दरबारलाही.

संस्थान विलीन झालं त्या दिवशी तू रडलास. मी तुला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अण्णांसाठी पांढरी टोपी आणायची म्हणून मला बरोबर घेऊन टोपी बाजारात गेलास. अण्णांनी जन्मभर पगडी घातली, आता एकदा तरी त्यांना टोपीत बघायचं, अशी तुझी हौस. दुकानदारानं हात झाडले. “भैयाजी, सफेद टोपी तो सबेरेही खत्म. रावसाहब के यहाँ से आदमी आया था, सब उठा ले गया.” ज्या रावसाहेबांच्या सहीनं तू आत गेला होतास तेच हे रावसाहेब. दुकानात जरीच्या टोप्यांचा ढीग पडला होता, त्याला कोणी हात लावत नव्हतं. तू मोठ्यानं हसलास, आणि आपण रिकाम्या हातानं परतलो. आठवड्याच्या आत रावसाहेब व्यासपीठावर हार घालून घेत होते, आणि त्या संध्याकाळी ओट्यावर ‘दरबार म्हणतो’ जाऊन ‘सरकार म्हणतं’ आलं.

मला ते आवडलं नव्हतं. मी तेव्हा नुकतीच मुलींच्या शाळेत लागले होते. झेंडावंदनाला माझा ऊर भरून यायचा. मी तुला म्हटलं, “आता तरी ते सोड. हे आपलं सरकार आहे.”

“आपलं आहे म्हणूनच सांगतो, कोण बोललं ते,” तू म्हणालास. “परक्याचं असतं तर लोकांनी आपणच ओळखलं असतं.”

नंतर तू पक्षात गेलास. गिरणीच्या फाटकावर पत्रकं वाटायला जायचास, तिथल्या खोल्यांतून अभ्यासवर्ग घ्यायचास, आणि घरी येऊन इतक्या उत्साहानं बोलायचास की मला तुझा हेवा वाटे. इथं माणसं खरं बोलतात, असं म्हणायचास. ती वर्षं तुझी सगळ्यात सुखाची होती. आई म्हणायची, एक पोर पक्षाला दिलं, एक शाळेला, आता माझ्याशी कोण बोलणार. पण मला आठवतं, एका संध्याकाळी तू ओट्यावर वाचता वाचता म्हणालास, ‘पक्ष म्हणतो’. गिरणीतले एक कॉम्रेड समोरच बसले होते. त्यांनी तुला बाजूला घेतलं. “पक्ष म्हणतो काय? आपण म्हणतो, असं सांगा.” तू अगदी सरळ चेहऱ्यानं उत्तर दिलंस, “मी अजून म्हटलेलं नाही.”

त्यानंतर तुला सभेत भाषणाला कमी आणि सतरंज्या घालायला जास्त बोलावू लागले. तू त्या मनापासून घातल्यास, हेही सांगितलं पाहिजे.

राज्यांची फेररचना झाली तेव्हा मात्र मी तुला चांगलंच पकडलं होतं. भाषेप्रमाणे प्रांत झाले पाहिजेत म्हणून तुम्ही लोकांनी घसे कोरडे केले. प्रांत झाले, आणि आपण ग्वाल्हेरचे मराठी लोक होतो तिथंच बसलो. राजधानी गेली भोपाळला. दप्तरं पेट्यांत भरभरून स्टेशनवर निघाली आणि त्यांच्यामागे निम्म्या कारकुनांचे संसार. तुझ्या ओट्यावरचे मराठी ऐकणारे एकेक करून उठून गेले. माझ्या शाळेतले मराठीचे वर्ग बंद झाले आणि मी हिंदीत भूगोल शिकवू लागले. मी तुला विचारलं, “तुझ्या भाषावार प्रांतात आपण कुठे रे?” तू पेन्सिल कानावर ठेवलीस, बराच वेळ विचार केलास, आणि म्हणालास, “समासात.” मी हसले. तू हसला नाहीस. मला वाटतं त्याच सुमाराला तुझं पक्षावरून मन उडालं. पण तू काही जाहीर केलं नाहीस. वर्गणी भरायची तेवढी थांबवलीस.

आता साळुंखेकाकींबद्दल लिहायला हवं. त्यांच्यासाठीच हा लेख लिहायला बसले आहे.

काकी आपल्याच गल्लीतल्या, चार घरं पलीकडच्या. दक्षिणेतून आलेलं फौजी घराणं. सासरे रिसाल्यात, नवरा रिसाल्यात. संस्थानाच्या फौजा हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाल्या तेव्हा काकांना, वय झालं म्हणून, घरी पाठवलं. ते त्यानंतर फार दिवस जगले नाहीत. मुलगा यशवंत मात्र नव्या सैन्यात गेला आणि काकी पुन्हा ताठ मानेनं चालायला लागल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. यशवंतची पत्रं तू वाचून दाखवायचास आणि उत्तरंही तूच लिहायचास. त्या कधी रिकाम्या हातानं आल्या नाहीत. आई होती तोवर त्यांच्या घरचं शिजलेलं आपल्याकडे चालत नसे, म्हणून तीळगुळाची गजक नाहीतर शेंगा आणायच्या. आई गेल्यावर तूच त्यांना सांगितलंस, “काकी, आता पिठलं आणा.” त्या दिवशी त्या किती खूश झाल्या होत्या!

मग उत्तरेच्या सीमेवर युद्ध पेटलं. थंडी नुकतीच पडू लागली होती. बाड्यावरच्या चौकात कर्णे लागले, आणि रोज संध्याकाळी तिथून युद्धाच्या बातम्या वाचायच्या असं नगरातल्या मंडळींनी ठरवलं. आपल्या सगळ्या लष्कर शहरात तुझ्यासारखा आवाज कोणाचा? दोघे-तिघे सभ्य गृहस्थ आपल्याकडे आले. चहा घेतला. त्यातला एक म्हणाला, “जोशीजी, पढ़ना आप ही को है. बस, वो ‘सरकार कहती है’ मत लगाइए. लोगों का मनोबल टूटता है.”

तू म्हणालास, “लगा के पढ़ सकता हूँ. बिना लगाए नहीं.”

त्यांनी चहाचे पेले खाली ठेवले आणि निघून गेले. मी आतून ऐकत होते, आणि तुला खरं सांगते, त्या क्षणी मला तुझी लाज वाटली. माझ्या वर्गातल्या मुली जवानांसाठी स्वेटर विणत होत्या. मी आईच्या पाटल्या संरक्षण निधीला देऊन आले होते, तुला न विचारता. जेवताना आपलं जे भांडण झालं त्यात मी तुला नको ते बोलले. तुझ्या देशावर प्रेम नाही म्हणाले. तू वरण-भात कालवत राहिलास. मग हळूच म्हणालास, “कुसुम, त्या पोरांना तिथं थंडीत कोणी पाठवलं, काय देऊन पाठवलं, हे विचारायचं असेल तर आधी कोण काय बोललं ते लक्षात ठेवावं लागतं. मी तेवढंच करतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या दारावर कोळशानं लिहिलेलं होतं, ‘चीन का दलल’. तू दार उघडलंस, वाचलंस, चुलीजवळून कोळसा आणलास आणि राहिलेला काना देऊन ‘दलाल’ नीट केलंस. मला संताप आला होता, आणि तुझं ते पाहून हसायलाही येत होतं. ते मी पुसलं. तू पुसू देत नव्हतास.

ओट्यावर यायचं लोकांनी सोडलं. रहीम तेवढा टांगा हाकता हाकता लगाम खेचून विचारायचा, “भैया, आज सरकार क्या कहती है?” आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचा. पक्षाचं म्हणावं तर तिथं दोन तट पडले होते. एक तट सरकारच्या मागे उभा राहिला, दुसऱ्याला पोलिसांनी उचललं. तुला कोणीच विचारलं नाही. गिरणीतल्या त्या कॉम्रेडना घरातून नेलं त्या सकाळी तू दाढी करून, धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसला होतास. ठाण्याचा शिपाई आला, “राम राम भैयाजी” म्हणाला आणि पुढच्या गल्लीत गेला. आपल्याला अटक झाली नाही याचा एवढा अपमान वाटलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी तुला त्यावरून चिडवलं होतं. आज वाटतं, नको होतं चिडवायला.

ओट्यावर रोज येणारं एकच माणूस उरलं होतं, साळुंखेकाकी. यशवंत तिकडेच होता, वर बर्फात. काकी पायरीवर पदर घट्ट ओढून बसायच्या आणि तू एकट्या त्यांच्यासाठी सगळं वाचायचास. सरकार म्हणतं, आपले जवान ठामपणे उभे आहेत. सरकार म्हणतं, चौक्या आपल्या ताब्यात आहेत. काकी मान डोलवायच्या. पण तुझं वाचन मला माहीत होतं. जे छापलंय त्यापेक्षा जे छापायचं थांबलंय ते तू जास्त बारकाईनं बघायचास. यशवंत होता त्या भागाचं नाव आधी रोज पेपरात यायचं. ते यायचं बंद झालं होतं. तू तिन्ही पेपर पुन्हा पुन्हा उलटून शोधत होतास, आणि मी काही विचारलं की म्हणत होतास, “काही नाही.”

त्या संध्याकाळी काकींनी वाचन मध्येच थांबवलं. मी दारात तांदूळ निवडत होते. त्या म्हणाल्या, “मधू, एक बात सच्ची सांगशील? रोज म्हणतोस, सरकार म्हणतं, सरकार म्हणतं. सरकारला काय, माझा यशवंत त्याच्या ओळखीचा थोडाच आहे! तू ओळखतोस त्याला. तू काय म्हणतोस ते सांग. चौकी शाबूत आहे ना?”

तू पेपरकडे पाहिलंस. मग माझ्याकडे पाहिलंस. आणि तू म्हणालास, “आहे, काकी. चौकी शाबूत आहे. यशवंत ठीक आहे. मी म्हणतो.”

उभ्या आयुष्यात तू एवढं एकच वाक्य, कोण बोललं ते सरकारवर न ठेवता, स्वतःच्या अंगावर घेतलंस. काकींनी तुझ्या हनुवटीला हात लावून बोटं मोडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या गल्लीत गजक वाटली. त्या सांगत सुटल्या होत्या, मधूनं सांगितलं, सरकारनं नाही. ज्यांनी दारावर कोळसा ओढला होता त्यांच्याही घरी गजक गेली असणार.

तार आली ती त्या आठवड्यातच. तारवाल्यानं ती काकींच्या हातात दिली आणि त्या, नेहमीच्या सवयीनं, तशाच तुझ्याकडे घेऊन आल्या. तारवाला वाचून दाखवत होता तर त्याला म्हणाल्या, राहू दे, आमचा मधू आहे. तू नुकताच छापखान्यातून आला होतास, पायात वहाणा होत्या. पाकीट फोडलंस. इंग्रजीत होती. मी तुझ्या खांद्यावरून वाचलं. यशवंत कामी आला होता, आणि ज्या दिवशी कामी आला होता तो दिवस तुझ्या त्या वाक्याच्या आधीचा होता. तू ‘मी म्हणतो’ म्हणालास तेव्हा तो जगात नव्हता.

काकी वाट पाहत उभ्या होत्या. तू दोनदा सुरुवात केलीस. मग तिसऱ्यांदा, तोंडाला जे वर्षानुवर्षांचं वळण होतं त्याप्रमाणे, तू म्हणालास, “सरकार म्हणतं… काकी, सरकार म्हणतं, की यशवंत…”

पुढचंही तू सांगितलंस. सगळं सांगितलंस. पण काकींनी पहिले दोन शब्दच पकडले. “सरकार म्हणतं होय?” त्या म्हणाल्या. “मग ठीक आहे. सरकारचं काय, काहीही म्हणतं. तूच तर बोलला होतास.” आणि तारेची घडी घालून, पदराला बांधून, त्या घरी गेल्या.

तू तिथंच पायरीवर बसलास. वहाणाही काढल्या नाहीस.

त्या दिवसानंतर तू ओट्यावर पेपर वाचला नाहीस. खोटं तू स्वतःच्या तोंडानं बोललास आणि खरं सरकारच्या तोंडी घातलंस. हे असं उलटं झालं होतं, आणि ते सरळ करायला एकच वाक्य पुरलं असतं. काकींच्या घरी जाऊन ‘मी म्हणतो, यशवंत गेला’ एवढं बोलायचं. मी तुला किती वेळा सांगितलं. आधी समजुतीनं, मग रागानं. तू म्हणायचास, उद्या. एकदा धुतलेला सदरा घालून गेलासही. मी खिडकीतून बघत होते. त्यांच्या दाराशी उभा राहिलास, कडीला हात लावलास, आणि आतून काकींचा खणखणीत आवाज आला, “मधू, ये की. यशवंतसाठी एक स्थळ आलंय, बघ तर.” तू वळलास आणि परत आलास.

स्थळं! दोन वर्षं काकी यशवंतसाठी मुली बघत होत्या. शाळेच्या फाटकाशी मला गाठून विचारायच्या, तुमच्या अकरावीत कोणी चांगली पोरगी आहे का, रंग सावळा असला तरी चालेल. गल्लीतले लोक म्हणायचे, म्हातारीचं डोकं फिरलं. मी काय उत्तर देणार? ‘बघते’ म्हणायची. घरी येऊन तुझ्यावर चिडायची. तू ऐकून घ्यायचास. छापखान्यातून येताना गल्लीच्या दुसऱ्या टोकानं यायला लागला होतास, त्यांच्या दारावरून जायला नको म्हणून. सरकार, पक्ष, पेपर, कशावरच बोलत नव्हतास. एकदा फक्त म्हणालास, “मनोबल म्हणतात ना ते, कुसुम. ते मीही राखलं. बघ कसं राखलं.” तुझ्यासारखा वाद घालणारा माणूस स्वतःविरुद्ध बोलायला लागला की समोरच्यानं काय करावं?

आणि मग तू गेलास. ते मी लिहीत नाही. पेपरानं लिहिलंय.

तुझं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी काकी आल्या. बरोबर डब्यात पिठलं आणि पोळ्या होत्या. डबा स्वयंपाकघरात ठेवून त्या बाहेर आल्या आणि ओट्यावर, त्यांच्या नेहमीच्या पायरीवर बसल्या. मीही बसले. मग त्यांनी कंबरेच्या पिशवीतून ती तार काढली. घड्यांवर फाटत आली होती.

“आता हे मिटवून टाकू, पोरी,” त्या म्हणाल्या. “पितरपाख येतोय. यंदा यशवंतचं पान वाढते.”

“काकी, तुम्हाला ठाऊक होतं?”

“आईला नाही कळत होय गं? हा इथं तार घेऊन उभा होता, कागद असा हलत होता. मला तर तेव्हाच कळलं. वाचायच्या पहिलेच.”

“मग?”

“मग मी त्याच्या तोंडाकडे बघितलं.” काकींनी पदरानं नाक पुसलं. “मी खरं मानलं असतं तर हा खोटा पडला असता. सगळ्या गल्लीत मी सांगून बसले होते, मधूनं सांगितलं म्हणून. लोकांनी पहिलेच त्याच्या दारावर कोळसा फासलेला. माझा एक तर गेलाच होता. दुसऱ्याला कशाला मारू? म्हटलं, राहू दे. सरकारच खोटं बोलत असेल.”

“आणि ती स्थळं, काकी?”

“त्याला ऐकू जावं म्हणून. आपली म्हातारी ठीक आहे असं वाटावं त्याला.” मग खाली बघत म्हणाल्या, “कधी कधी मलाही खरं वाटायचं. झूठ नाही सांगत.”

दादा, मला त्या क्षणी तुम्हा दोघांचाही इतका राग आला! चार घरांचं अंतर. तिनं तुला जपायचं म्हणून मुलाला मरू दिलं नाही, आणि तू तिला जपायचं म्हणून तिच्या दारावरून जाणं टाकलंस. दोन वर्षं. एकदा कडी वाजवली असतीस तर दोघं मिळून रडला असतात आणि दुसऱ्या दिवशी पेपर वाचायला बसला असतात. ते सभ्य गृहस्थही हेच म्हणत होते ना, लोकांना जपायचं म्हणून? त्यांचं आणि काकींचं एकच का? मला वाटतं एक नाही. काकींनी आपलं स्वतःचं दुःख झाकलं, दुसऱ्याच्या पोराचं मरण नाही. पण हे मी नीट मांडू शकत नाही. याच्यावर तुझ्याशी वाद घालायला मिळाला असता तर कुठेतरी पोचलो असतो. आता तो अर्ध्यावरच राहणार.

काकींनी तार माझ्या हातात दिली. “तू वाच. मधूनं वाचली ती मी ऐकलीच नाही.”

मी वाचली. इंग्रजीतलं मराठीत केलं, जमेल तसं. सुरुवातीला काही जोडलं नाही. यशवंतचं नाव, त्याची पलटण, तो दिवस, आणि कळवायला दुःख होतंय, एवढंच त्यात होतं. माझ्या आठवणीत त्यात आणखी काही होतं.

काकी शेवटपर्यंत ऐकत होत्या. माझं संपल्यावरही वाट बघत होत्या. मग त्यांनी, तुझ्या ओट्यावर इतकी वर्षं बसल्यामुळे असेल, विचारलं, “हे कोण म्हणतं?”

आत पिठलं गार होत होतं. समोरून रहीमचा टांगा गेला, त्यानं आमच्याकडे बघून नुसता हात वर केला. मी तारेची घडी घातली.

“मी म्हणते, काकी. यशवंत गेला.”

त्यांनी माझा हात धरला आणि मग त्या रडल्या. दादा, ते वाक्य तुझं होतं. तुझ्या आवाजात ते जास्त बरं ऐकू आलं असतं.